तीन माणसांचं कपाट

माझ्या तोंडी लागायचं नाही, असं आमच्या नात्यागोत्यात सगळ्यांनी कधीचंच ठरवून टाकलंय. भाजीवाली मला लांबून बघूनच भाव उतरवते. मी ज्या दवाखान्यात काउंटरवर बसून पेशंटचे नंबर पुकारते, तिथले डॉक्टरसुद्धा 'जरा बघता का' असं म्हणून मगच फाईल मागतात. तर अशी मी, त्या सुताराला सगळा उन्हाळा एक वाकडा शब्द बोलले नाही. तो 'उद्या येतो' म्हणायचा आणि मी 'बरं' म्हणायचे. लोकांना वाटलं, नवरा गेला आणि हिचा आवाजच बसला. तेही खोटं नव्हतं म्हणा, पण कारण निराळं होतं.

नवरा गेला तो ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, खुर्चीवर बसल्या बसल्या. डब्याचं झाकण उघडलेलं होतं. घर कंपनीचं होतं, ते सोडावं लागलं, म्हणून मी आणि सासूबाई या दोन खोल्यांत आलो. सगळे म्हणत होते, रड बाई, मोकळी हो. मला रडू येत नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं की गाल आपलाच असतो, पण चावला गेला तरी कळत नाही, तसं झालं होतं. सकाळी उठायचं, डबा भरायचा, दवाखान्यात नंबर पुकारायचे, घरी यायचं. चहात साखर घातली की नाही तेही आईंनी तोंड वाकडं केलं की कळायचं. आई म्हणजे सासूबाईच. पहिल्यापासून मी त्यांना आईच म्हणते.

नणंदबाईंनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या बहिणीनं, पहिल्याच आठवड्यात विषय काढला. बाई मनानं वाईट नाही. दुसऱ्या गावात मोठं घर आहे, मुलं आपापल्या वाटेनं गेलेली, नवरा दिवसभर टीव्हीसमोर. मला म्हणाल्या, "आईला मी घेऊन जाते गं. तू नोकरी करशील की तिचं बघशील? तुझ्यावर कशाला भार?"

"आईंची मर्जी," मी म्हटलं.

आई खिडकीपाशी बसून मोज्याचं भोक शिवत होत्या. मोजा कुणाचा ते मी बघितलं नाही. त्या म्हणाल्या, "हिचं घर लागू दे. कपाट-बिपाट होऊ दे. मग निघते."

झालं, ठरलं. कपाट झालं की आई जाणार.

आता खरं सांगायचं तर आईंनी राहावं असं मला वाटत होतं. त्या दिवसांत मला वाटत होती अशी तेवढीच एक गोष्ट. संध्याकाळी जिना चढताना आतून त्यांच्या सपातांचा आवाज आला की मी उरलेल्या पायऱ्या चढायचे. पण सांगणार कुठल्या तोंडानं? ज्याच्यामुळे त्या माझ्या आई झाल्या तोच राहिला नव्हता, आणि तिकडे पोटची मुलगी बोलावत होती. चार माणसांच्या अंगावर ओरडणारी मी, एवढं एक वाक्य बोलायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटायची.

कपाट तर हवंच होतं. नव्या घरात भिंतीत साधा कोनाडाही नव्हता. कपडे सुटकेसमध्ये, भांडी खोक्यांत, आणि रोज सकाळी झाऱ्यासाठी शोधमोहीम. आतल्या खोलीच्या कोपऱ्यात खांब असा काही पुढे आलेला की दुकानातलं तयार कपाट लावावं, तर एक तर दार उघडेना, नाहीतर मागे मांजर संसार थाटेल एवढी फट. म्हणजे घरच्या मापानं करून घेणं आलं. आधी एक इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस आला. त्यानं कॉम्प्युटरवर आमची खोली काढून दाखवली. चित्रात कपाटाच्या आत दिवे लागत होते आणि खिडकीबाहेर एक झाड डोलत होतं.

"झाडपण देणार का हो?" आईंनी विचारलं.

त्यानं आकडा सांगितला. मी त्याला चहा पाजला आणि जिन्यापर्यंत सोडून आले.

मग खालच्या टेलरनं हा मिस्त्री पाठवला. पन्नाशीचा, पोट सुटलेलं, केस काळे केलेले, कानावर पेन्सिल. बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. या गल्लीतली निम्मी दारं त्याची, वकिलीणबाईंचं स्वयंपाकघर त्याचं, कुणा मोठ्या माणसाचं टेबलही त्यानंच केलेलं, पण त्याचं नाव सांगायची बंदी. फेकाफेक चालली होती, पण ऐकायला बरी वाटत होती.

"बजेट काय, वहिनी?"

"तेच तर नाही."

"मग जुनं काय आहे ते दाखवा." आणि माझ्या उत्तराची वाट न बघता हा आत.

आत भिंतीला आमचा पलंग टेकवून ठेवला होता. सुटा करून आणलेला. या खोलीत तो मांडला असता तर माणसांना बाहेर झोपावं लागलं असतं. शेजारी जुन्या हॉलमधला काचेचा शोकेस. मिस्त्रीनं पलंगाच्या फळीवर टकटक केलं, नखानं पॉलिश खरवडलं आणि मान डोलावली.

"हे मोडू. लाकूड एक नंबर आहे, हल्ली बघायला मिळत नाही. शोकेसच्या फळ्या कप्प्यांना जातील. दारांना तेवढं नवं प्लाय घ्यावं लागेल. मजुरी सवडीनं द्या, मी काही पळून जात नाही."

मी आईंकडे बघितलं. आई पलंगाकडे बघत होत्या.

"मोडा," मी म्हटलं.

आता मापाची गंमत ऐका. या माणसाची एक पद्धत होती, आणि तिचा त्याला फार अभिमान. कपाटाचे कप्पे तो टेपनं ठरवायचा नाही, माणसावर ठरवायचा. घरातल्या एकेकाला भिंतीशी उभं करायचं, हात सहज वर करायला सांगायचं आणि बोटं पोचतील तिथे पेन्सिलीची रेघ मारायची. "दुकानवाले सगळ्या जगाला एकाच उंचीचं समजतात," तो म्हणाला. "माझ्याकडे ज्याचा कप्पा त्याच्या हाताशी. बोला, घरात माणसं किती?"

"तीन," आई म्हणाल्या.

मी ऐकलं. मला सांगता आलं असतं.

आई भिंतीशी उभ्या राहिल्या, हात वर केला. रेघ. मग मी. रेघ.

"तिसरे कोण?"

"हे," मी म्हटलं. घरात आम्ही अरे-तुरेच करायचो, पण बाहेरच्या माणसासमोर मी कायम 'हे' म्हणायचे. तोंडाला सवय होती, ते आपोआप बाहेर पडलं.

"साहेब कामावर? हरकत नाही, अंदाजानं सांगा. केवढे आहेत?"

आईंनी टाचा उचलून हात वर केला. "एवढा."

"छे! आई, अजून वर. दाराच्या चौकटीला डोकं आपटायचं त्याचं."

"ते जुन्या घरातलं दार बुटकं होतं. मला शिकवू नकोस, मी वाढवलाय त्याला."

"आणि पंख्याची धूळ कोण पुसायचं? हात वर केला की पातं हातात यायचं!"

मी तावातावानं खुर्ची ओढली आणि वर चढले. मला उंचावर उभं राहिलं की घेरी येते. साधा बल्ब गेला तरी आम्ही अंधारात बसून नवऱ्याची वाट बघायचो. खुर्चीवर चढले आणि भिंत गोल फिरायला लागली. आईंनी खालून माझे दोन्ही पाय घट्ट धरले. मी डोळे मिटून हात वर केला आणि म्हटलं, "इथे. इथवर पोचायचा हात."

"बोटभर खाली," खालून आई म्हणाल्या.

"बोटभरसुद्धा नाही!"

मिस्त्री हसत सुटला. "साहेबांचं भाग्य मोठं आहे," असं म्हणून त्यानं तिसरी रेघ मारली. त्या रेघेच्या बेतानं वरचा कप्पा आणि शर्ट टांगायचा दांडा ठरला. तो गेल्यावर मी खुर्ची जागेवर ठेवली, आईंनी कपबश्या विसळल्या. त्या भांडणाचा विषय कुणी काढला नाही. त्या बाबतीत खोटं बोललो असं मला वाटलं नाही. खरं बोललो असंही वाटलं नाही. मी जाऊन तांदूळ धुतले.

दुसऱ्या आठवड्यात त्यानं बाहेरच्या खोलीत पलंग आडवा घातला आणि करवत लावली. पलंगाच्या उशाकडच्या फळीवर एक काळपट डाग होता, नवऱ्याच्या डोक्याच्या तेलाचा. त्यावरून इतकी वर्षं मी त्याला बोलत होते, उशी घे, उशी घे. मिस्त्रीनं पॉलिशपेपर फिरवला आणि चहा निवायच्या आत डाग गेला. मी शेजारीच उभी होते. कांदा चिरताना जेवढं पाणी येतं तेवढंही आलं नाही. भुसा खूप झाला होता, तो मी झाडून पिशवीत भरला.

मग सुरू झालं त्याचं 'उद्या'. आज प्लाय आलं नाही, आज स्कूटर बंद, आज मेव्हण्याच्या घरात टाकीचं पाणी शिरलं. फोन केला की "रस्त्यातच आहे वहिनी," आणि मागून त्याच्या घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू यायची. आईंनी त्याचं नावच उद्यापंत ठेवलं. तो आला की आई काही ना काही खुसपट काढायच्या. ड्रॉवर डावीकडे नको, उजवीकडे हवा. हँडल गोल नको, बोटं अडकतात. बिजागरी कुरकुरते. मला वाटायचं, म्हातारपणी करतो माणूस असा हट्ट.

एकदा दवाखान्यातून जरा लवकर आले. दार उघडंच होतं. आतून आईंचा आवाज आला, "काही घाई नाही हो. सावकाश करा. घाईची कामं टिकत नाहीत."

मी चप्पल काढता काढता थांबले. कारण त्याच दिवशी सकाळी, काउंटरखाली फोन धरून, मीसुद्धा त्याला हेच सांगितलं होतं. म्हणजे आम्ही दोघी एकमेकींच्या चोरून त्या माणसाला लांबवत होतो, आणि तो लबाड दोघींना 'बरं' म्हणून तिसरीकडची कामं उरकत होता. मी आत न जाता जिन्यात बसले. बरं वाटलं मला. फार दिवसांनी काहीतरी वाटलं. आत जाऊन आईंना सांगावं असंही आलं मनात. पण आत गेल्यावर आई म्हणाल्या, "आलीस? चहा ठेवू?" आणि मी म्हटलं, "ठेवा."

शेवटी नणंदबाईंचा धीर सुटला. त्यांनी माझ्याकडून मिस्त्रीचा नंबर मागून घेतला आणि फोनवर त्याची अशी काही हजेरी घेतली की गडी दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. मला वाटायचं घरात तिखट जिभेची मीच एकटी. त्यानं चार दिवस मान वर न करता काम केलं. दारं बसली, पॉलिश वाळलं, खांबाला अगदी चिकटून कपाट उभं राहिलं. चांगलं झालं होतं. वाईट झालं असतं तर भांडायला तरी मिळालं असतं.

नणंदबाई रविवारी सकाळच्या गाडीनं आल्या. हातात एक मोठी रिकामी बॅग. आईंचं सामान भरायला. ती बॅग त्यांनी दाराशी ठेवली, कपाटाभोवती फिरल्या, दारं उघडून-मिटून बघितली. "छान झालंय की गं. जुन्या लाकडाचं वाटतच नाही."

मिस्त्रीची कॉलर ताठ झाली. "अजून पूर्ण नाही झालं, ताई. माझी पद्धत आहे. ज्याचा कप्पा त्यानं उभं राहून हात लावून बघायचा. हात पोचला की मगच मी हत्यारं पिशवीत भरतो. चला आजी."

आईंनी आपल्या कप्प्याला हात लावला. बरोबर पोचला. मी माझ्या कप्प्याला लावला. कोपर जरासुद्धा ताणावं लागलं नाही.

"आता साहेबांना बोलवा."



"कोण साहेब?" नणंदबाईंनी विचारलं.

"अहो, तिसरे. हा वरचा कप्पा, हा दांडा, सगळं त्यांच्या मापानं आहे. या दोघींनी खुर्चीवर चढून, भांडून माप दिलंय मला. रविवार आहे, घरीच असतील ना?"

नणंदबाईंनी आईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी तोंड उघडलं. दिवसभर शंभर माणसांचे नंबर पुकारणारी मी, माझ्या घशातून हवासुद्धा बाहेर येईना.

"तो गेला हो," आई म्हणाल्या. "माझा मुलगा. तुम्ही माप घेतलंत ना, त्याच्या आधीच गेला होता."

त्यांना असं म्हणताना मी तोवर कधीच ऐकलं नव्हतं. लोक भेटायला यायचे तेव्हाही त्या नुसती मान हलवायच्या. मिस्त्रीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. त्यानं कपाटाच्या दारावरची नसलेली धूळ हातानं पुसली.

"मला माहीत नव्हतं, आजी. टेलरही काही बोलला नाही." मग घसा खाकरून, "कप्पा खाली घेऊ ना. दांडाही घेतो. पैसे नकोत मला त्याचे. चार भोकं पडतील आत, ती बुजवून देतो."

नणंदबाई रडायला लागल्या. रडता रडता चिडल्या. "अगं, काय चाललंय तुमचं? दोघी मिळून... आई, हे बरं नाही. इथे राहिलीस तर तू अशीच त्याची मापं देत बसशील. बॅग आणलीय मी. चल तू." मग मिस्त्रीला म्हणाल्या, "घ्या तो कप्पा खाली. अशा कप्प्याचा उपयोग तरी काय? हात कुणाचा पोचणार आहे तिथे?"

मिस्त्री पेचकस घेऊन पुढे झाला.

आई माझ्याकडे बघत होत्या. "काय करायचं गं?" त्यांनी विचारलं. "खाली घ्यायचा?"

त्या कप्प्याबद्दलच विचारत होत्या, आणि नव्हत्याही. मला भीती वाटली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. आत्ता बोलले नाही तर ही बॅग भरणार, एवढं स्वच्छ दिसत होतं मला.

"राहू दे," मी म्हटलं. आवाज फाटलेला होता, पण आला. "मिस्त्री, कप्पा आहे तिथेच राहू दे. पलंगाचे पाय उरलेत ना? त्यांचं एक स्टूल करा."

"स्टूल?" नणंदबाई म्हणाल्या. "आणि चढणार कोण? आईचं वय बघ. तुला तर पायपुसण्यावर उभं राहिलं तरी घेरी येते."

"मी चढेन, ताई."

"पडशील!"

"नाही पडणार," मी म्हटलं. "आई धरतील."

तेवढंच बोलायचं होतं मला. त्यासाठी सगळा उन्हाळा गेला. आणि ते बोलले आणि माझे डोळे भरून आले, नाक वाहायला लागलं, पदर हाताला लागेना. मी तशीच उभी राहून सगळ्यांसमोर भोकाड पसरलं. नणंदबाई घाबरून पाणी आणायला गेल्या. जाताना त्यांचाच पाय त्या रिकाम्या बॅगेला लागला आणि बॅग आडवी झाली. ती कुणी उचलली नाही.

आई माझ्याजवळ आल्या नाहीत. जवळ घेणं-बिणं त्यांना कधी जमलंच नाही. त्या मिस्त्रीसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि हात पुढे करून आपल्या कमरेच्या जरा वर, हवेतच धरला.

"स्टुलाचे पाय रुंद घ्या," त्या म्हणाल्या. "आणि बाजूला धरायला एक दांडा हवा, माझ्या हाताशी येईल असा. हे एवढ्या उंचीवर. घ्या माप."

मिस्त्रीनं कानावरची पेन्सिल काढली. लिहायला कागद नव्हता, म्हणून कपाटाच्या आतल्या बाजूलाच रेघ मारली. मग नाक ओढून सवयीनं म्हणाला, "उद्या आणून देतो, आजी."

"सावकाश आणा," आई म्हणाल्या. "मी इथेच आहे."